मोठं तोंड, छोटे कान: हॅम रेडिओच्या रिपीटरची गोष्ट

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे तो लिहून देतेय. बोलण्यातलं 'अं... हां...' तेवढं काढलंय, बाकी सगळं तसंच आहे.

सुरुवात एका तारखेनं करू. घरात कुणी मुंबईत राहिलेलं असेल तर त्यांना २६ जुलै २००५ बद्दल विचारा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल थांबल्या, वीज गेली आणि मोबाइल मुके झाले. माणसं कमरेएवढ्या पाण्यातून घरी चालत होती आणि घरच्यांना "कुठं आहेस?" एवढंही विचारता येत नव्हतं.

मोबाइलचा टॉवर म्हणजे एका लांबलचक साखळीची एक कडी. वीज, बॅटरी, केबल, एक्स्चेंज यातलं काहीही तुटलं की तुमचा हजारोंचा फोन फक्त टॉर्च म्हणून उरतो. पण डोंगरावर एक असं खोकं असू शकतं, ज्याला या साखळीची गरजच नाही. एक रेडिओ, एक अँटेना, एक गाडीची बॅटरी. बस्स. त्याचं नाव रिपीटर. आजची गोष्ट त्याची. आणि खरं सांगायचं तर ते खोकं चालू ठेवणाऱ्या माणसांची.

रिपीटर करतो काय?

हॅम रेडिओ म्हणजे परवाना घेऊन हौसेनं चालवलेला रेडिओ. हॅमवाल्यांच्या हातात असतो तो वॉकीटॉकीसारखा सेट साधारण ५ वॅटचा. त्याच्या लहरी बऱ्यापैकी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की खेळ खल्लास. समजा, सह्याद्रीच्या एका बाजूला तुम्ही आहात आणि दुसऱ्या बाजूला तुमची मैत्रीण. दोघींना एकमेकींचं काही ऐकू येणार नाही. पण डोंगरमाथ्यावर तिसरं कुणी उभं असेल तर त्याला दोघी ऐकू येतील. तो तुमचं ऐकून तिला सांगेल, तिचं ऐकून तुम्हाला.

हा निरोप्या म्हणजे रिपीटर. कल्पना जुनीच आहे. तारायंत्राच्या काळात लांबच्या तारेत सिग्नल क्षीण व्हायचा, म्हणून मध्येच तो उचलून ताज्या जोमानं पुढे ढकलणारी यंत्रं बसवायचे. त्यातल्या 'रिले' या यंत्राचं नाव तर घोड्यांवरून आलंय. दमलेला घोडा सोडायचा, ताजा घ्यायचा. आपल्याकडच्या डाकचौकीसारखंच.

लॉस एंजेलिसचा खटाटोप

हौशी रेडिओच्या अगदी पहिल्या रिपीटरांमध्ये ज्याचं नाव घेतात, तो १९५० च्या दशकात लॉस एंजेलिसला सुरू झाला. त्याचा कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं नाव, होतं के६एमवायके. उभा केला आर्ट जेंट्री या हॅमनं. शहर डोंगरांनी वेढलेलं, त्यामुळे गरज होतीच. पण असं खोकं करायला गेलं की लगेच एक विचित्र अडचण समोर येते.

रिपीटरला एकाच वेळी ओरडायचं आणि ऐकायचं असतं. तुम्ही स्वतः लाउडस्पीकरवर किंचाळताय आणि त्याच क्षणी शेजारच्या गावातली कुजबुज ऐकायचा प्रयत्न करताय, अशी कल्पना करा. आकडाच सांगते. २५ वॅटचा ट्रान्समीटर आणि त्याच्या शेजारच्या रिसीव्हरला ऐकायचा असलेला अगदी क्षीण सिग्नल, यांच्या ताकदीतला फरक तीनावर सोळा शून्यं इतक्या पटींचा असतो. बोलण्याची फ्रिक्वेन्सी वेगळी ठेवली तरी एवढ्या गोंगाटात रिसीव्हर बहिरा होतो. हॅमवाले याला 'डिसेन्स' म्हणतात.

पहिला उपाय गावठी, पण चालणारा. कान एका टेकडीवर आणि तोंड दुसऱ्या टेकडीवर, मध्ये एक जोडणी. दुसरा उपाय म्हणजे डुप्लेक्सर. दोन मीटरच्या पट्ट्यासाठी तो साधारण अर्धा मीटर उंचीच्या धातूच्या डब्यांचा बनलेला असतो. चार किंवा सहा डबे, दुधाच्या किटल्या मांडून ठेवाव्यात तसे. प्रत्येक डबा ठरावीक फ्रिक्वेन्सीला वाट देतो आणि दुसरीला अडवतो. डबे नीट जुळवले की एकाच अँटेनावरून बोलताही येतं आणि ऐकताही येतं. पण स्क्रू जरा हलला की बिघडलंच.

आता तुमच्या खिशातला फोन बाहेर काढा. ४जीच्या बऱ्याच पट्ट्यांवर तोही एकाच वेळी बोलतो आणि ऐकतो. त्याच्यातही डुप्लेक्सर आहे, तांदळाच्या दाण्याहून लहान. फरक इतकाच, की ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात फोनच्या या दोन वाटांमध्ये ४५ मेगाहर्ट्झचं अंतर असतं. हॅमवाल्यांनी हेच काम फक्त ०.६ मेगाहर्ट्झच्या फटीत करून दाखवलं.

टॅक्सीवाल्यांची भंगार कृपा

मग रिपीटर पसरले कसे? उत्तर आहे भंगार. साठच्या दशकात अमेरिकेच्या एफसीसी या सरकारी नियामक संस्थेनं टॅक्सी, पोलीस, कारखाने यांच्या रेडिओंना अरुंद चॅनेल वापरायला भाग पाडलं. जुने एफएम सेट एका फटक्यात निरुपयोगी झाले. ते दणकट, जड सेट हॅमवाल्यांनी पडत्या भावात उचलले, त्यातले क्रिस्टल बदलले आणि आपल्या पट्ट्यावर आणले.

त्यातून एक जोडी लोकप्रिय झाली. १४६.३४ वर ऐकायचं, १४६.९४ वर बोलायचं. दोन्हींतलं अंतर ६०० किलोहर्ट्झ. आज आपल्याकडचा हॅमही सेटमध्ये 'मायनस ६००' टाकतो, तेव्हा तो हाच अमेरिकी जुगाड वापरत असतो.

१९६९ च्या सुमारास '७३' नावाच्या मासिकानं रिपीटरचा जोरात प्रचार सुरू केला. डोंगरांवर इतकी गर्दी झाली की १९७२ मध्ये एफसीसीला खास नियम करावे लागले. रिपीटरसाठी वेगळा परवाना आणि 'डब्ल्यूआर'नं सुरू होणारे कॉलसाइन आले. ही कटकट त्याच दशकात पुढे सैल झाली.

याच काळात हॅमवाले एक गंमत करायचे. रिपीटरला लँडलाइन जोडायची आणि हातातल्या सेटवरून आकडे दाबून घरी फोन लावायचा. "ये, आज जेवायला काय आहे?" मार्टिन कूपरनं न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून हातातल्या मोबाइलवरून पहिला कॉल केला तो ३ एप्रिल १९७३ ला. त्याच दशकात ही हौशी मंडळी आपापल्या डोंगरावरच्या खोक्यातून फोनवर बोलत होती. धंद्यासाठी वापरायची परवानगी मात्र नव्हती, आणि सगळं गाव तुमचं बोलणं ऐकायचं!

बिघाडांचा इतिहास

रिपीटरमध्ये आज जे काही आहे, त्यातलं बरंचसं कुठल्या तरी बिघाडातून आलंय. कुणी सेटच्या बटणावर बसलं आणि तासभर रिपीटर अडकला, म्हणून टायमर आला. साधारण तीन मिनिटं सलग बोललात की तो तुम्हाला तोडतो. नुसत्या खरखरीनं रिपीटर जागा व्हायला लागला, म्हणून आवाजाखाली एक बारीक सूर पाठवायची युक्ती वापरात आली. उदाहरणार्थ ८८.५ हर्ट्झ. तुमच्या सेटमधून तो सूर गेला नाही तर दार उघडतच नाही. नवीन हॅमची पहिली तक्रार असते, "रिपीटर माझं ऐकतच नाही." दहातल्या नऊ वेळा सूर लावायचा राहिलेला असतो. हे 'दहातल्या नऊ' माझं आहे हं, कुठलं सर्वेक्षण नाही.

आता माझा अनुभव. काही वर्षांपूर्वी जुलैत एका ग्रुपबरोबर मी एका टेकडीवर गेले होते. कुठली ते सांगत नाही. त्यांचा रिपीटर उन्हाळाभर मस्त चालला आणि पाऊस सुरू झाल्यावर बिघडला. लांबच्या लोकांना तो खणखणीत ऐकू यायचा, पण लांबच्यांचं त्याला ऐकू यायचं नाही. हॅमवाल्यांच्या भाषेत अशा रिपीटरला 'मगर' म्हणतात. मोठं तोंड, छोटे कान.

सगळ्यांचं एकच म्हणणं, रिसीव्हर गेला, नवीन आणू. बरोबर एक काका होते, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "अगं, मशीनवर आळ घेण्याआधी त्याला विचारून तर बघ." आणि त्यांनी खरंच विचारलं. आधी ट्रान्समीटर बंद ठेवून क्षीण सिग्नल दिला. स्वच्छ ऐकू आला. ट्रान्समीटर चालू केला, सिग्नल खरखरीत बुडाला. म्हणजे डिसेन्स. मग अँटेनाची केबल काढून त्या जागी डमी लोड लावला. डमी लोड म्हणजे शक्ती गिळून नुसता गरम होणारा रोध. ट्रान्समीटर पुन्हा चालू केला, आणि खरखर गायब!

काकांनी बोट वर केलं. "खोली निर्दोष. गुन्हेगार खांबावर."

वरचा कनेक्टर उघडला तर आतून पाणी ठिबकलं. तांब्यावर हिरवा थर. गंजलेल्या सांध्यातून ताकद गेली की तो सांधाच खरखर निर्माण करतो. नवीन रिसीव्हरचे पैसे वाचले, पण खांबावर चढलेला मुलगा नखशिखांत भिजला. जुनी टेप वरून खाली गुंडाळलेली होती. काकांनी त्याला खालून ओरडून सांगितलं, "खालून वर गुंडाळ रे! कौलं कशी घालतात?" खरंच की! प्रत्येक वरचा वेढा खालच्यावर चढला पाहिजे, तरच पाणी ओघळून जातं. आणि केबल खोलीत शिरण्याआधी खाली एक झोळ सोडायचा, म्हणजे तिच्यावरून येणारं पाणी बाहेरच टपकतं.

सत्तर वर्षांचं तंत्रज्ञान, आणि आमचा गुन्हेगार निघाला उलटी गुंडाळलेली टेप.

जिथं चढता येत नाही

भारतात १९८४ मध्ये हॅमच्या उपकरणांवरचं आयात शुल्क माफ झालं आणि हा छंद वाढला. राजीव गांधी स्वतः हॅम होते, कॉलसाइन व्हीयू२आरजी. पण भारतीय रिपीटरांच्या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा नायक डोंगरावर नव्हताच.

५ मे २००५ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६ उडालं. त्यात कार्टोसॅट-१ बरोबर ४२.५ किलोचा एक छोटा उपग्रह होता, हॅमसॅट. हौशी लोकांसाठी इस्रोनं सोडलेला. थोडक्यात, आकाशातला रिपीटर. एकच सिग्नल उचलण्याऐवजी तो आख्खा पट्टा उचलून परत पाठवायचा, त्यामुळे एका वेळी अनेक जण बोलू शकायचे. आत दोन ट्रान्सपाँडर होते, एक भारतीय आणि एक नेदरलँड्समधल्या विल्यम लायनार या विद्यार्थी हॅमनं बनवलेला. तो ऐकायचा ४३५ मेगाहर्ट्झवर आणि बोलायचा १४५ वर. कान आणि तोंड इतके लांब, की डब्यांची गरजच नाही.

आयुष्य धरलं होतं दोन वर्षांचं. चालला नऊ. ११ जुलै २०१४ ला बॅटरीनं साथ सोडली आणि तो गप्प झाला. टेकडीवरचा रिपीटर असता तर कुणीतरी बॅटरी पाठीवर घेऊन चढलं असतं. तिथं कोण चढणार?

मग प्रश्न असा आहे

ज्या टेकडीवर चढता येतं, तिथं तरी आपण चढतोय का? रिपीटर बसवण्याचा उत्साह खूप असतो. उद्घाटन, फोटो, नारळ. तिसऱ्या पावसाळ्यात बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायला मात्र तेच दोन काका जातात, आणि त्यांचे गुडघे आता दुखतात. आपत्तीच्या दिवशी बंद निघणारा रिपीटर नसल्यापेक्षा वाईट, कारण लोक त्याच्या भरवशावर राहिलेले असतात.

तुम्हाला यात यायचं असेल तर केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा असते. वयाची अट किमान १२ वर्षं. रेडिओचं थोडं विज्ञान, थोडे नियम. पास झालात की परवाना आणि स्वतःचा कॉलसाइन. एक विनंती, ऑनलाइन मिळणारा स्वस्त सेट घेऊन परवान्याशिवाय बोलू नका. ते बेकायदा आहे.

आणि परवाना मिळाला की पहिल्या दिवशी "टेस्टिंग, टेस्टिंग" करून झाल्यावर एक काम करा. तुमच्या भागातला रिपीटर कोण सांभाळतं ते शोधा आणि विचारा, "काका, पुढच्या वेळी वर जाताना मी येऊ का?"

तारायंत्राच्या काळापासून शुभेच्छांसाठी एक आकडा वापरतात. त्या मासिकाचं नावही त्यावरूनच. तोच म्हणून आजचा भाग संपवते.

७३, मंडळी. भेटू पुढच्या भागात.