संगणकातील अंगभूत मराठी साधने : इतिहास आणि उपयोजन

प्रस्तावना :

मुळशी तालुक्यातील कासारसाई हे गाव तेथील धरणामुळे आणि साखर कारखान्यामुळे परिचित आहे. हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यानही याच तालुक्यात वसले आहे. अशा परिसरातील महाविद्यालयात, ग्रामपंचायतीत वा सहकारी संस्थेत संगणक असणे ही आता नवलाई राहिलेली नाही. तथापि, संगणकाबरोबरच मिळणाऱ्या मराठी साधनांचा वापर अद्याप मर्यादित असल्याचे दिसून येते. मराठी लेखनासाठी स्वतंत्र आज्ञावली विकत घ्यावीच लागते, हा समज त्यामागे आहे. हा समज कोठून आला आणि तो आज निराधार का ठरतो, याचा ऐतिहासिक मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

फाँटचे युग :

आय.आय.टी. कानपूर येथे १९८० च्या दशकात आकारास आलेले जिस्ट तंत्रज्ञान पुढे १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने विकसित केले. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये इस्की ही संकेतप्रणाली प्रमाणित केली आणि तिच्यासोबत इन्स्क्रिप्ट कळफलकासही मान्यता मिळाली. मात्र मुद्रण व्यवसायात वेगळीच पद्धत रूढ झाली. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले फाँट वापरले जाऊ लागले. यात संगणकाच्या लेखी मजकूर रोमनच राहत असे. डोळ्यांना तेवढा तो मराठी दिसे. परिणामी विशिष्ट फाँट नसलेल्या संगणकावर तोच मजकूर निरर्थक चिन्हांच्या स्वरूपात उघडे. त्या काळातील अनेक शोधनिबंध, इतिवृत्ते आणि प्रश्नसंच आज वाचता येत नाहीत, याचे मूळ येथे आहे.

युनिकोडचे आगमन :

जगातील लिप्यांना समान संकेत देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधारेच करण्यात आली. 'कासारसाई' हा शब्द क, काना, स, काना, र, स, काना, ई अशा आठ संकेतांनी साठविला जातो; फाँट कोणताही असो, हे संकेत बदलत नाहीत. मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आणि 'मंगल' हा फाँट प्रथमच अंगभूत दिला. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीत मात्र ही सोय नियंत्रण कक्षातून स्वतंत्रपणे सुरू करावी लागे. त्याच वर्षी महाराष्ट्रात एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला व संगणक साक्षरता खेडोपाडी पोहोचली. विंडोज व्हिस्टापासून देवनागरीची सोय मुळातच सुरू असे. २०१९ च्या मे महिन्यातील विंडोज १० च्या सुधारित आवृत्तीत मराठीसह दहा भारतीय भाषांसाठी उच्चारानुसारी कळफलक आले. त्यामुळे इन्स्क्रिप्ट न शिकलेल्यांचीही अडचण दूर झाली.

अंगभूत साधनांचे उपयोजन :

१) कळफलक : सेटिंग्जमधील भाषा विभागात मराठी जोडावी. त्यानंतर विंडोज कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी व मराठी यांची अदलाबदल करता येते. इन्स्क्रिप्टमध्ये बहुतांश स्वरचिन्हे डाव्या हाताला आणि बहुतांश व्यंजने उजव्या हाताला असल्याने, सरावानंतर दोन्ही हातांवर भार विभागला जातो.

२) पडद्यावरील कळफलक : कोणते अक्षर कोठे आहे हे आठवत नसल्यास 'ऑन-स्क्रीन कीबोर्ड' उघडावा. मराठी निवडल्यावर कळांवर देवनागरी अक्षरे दिसतात. कळांवर चिकटपट्ट्या लावण्याची गरज उरत नाही.

३) कॅरॅक्टर मॅप : दुर्मीळ चिन्हे येथून निवडून मजकुरात आणता येतात. 'ॲ' या अक्षरास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. त्यापूर्वी ते 'अ' आणि अर्धचंद्र जोडून लिहीत. दोन्ही रूपे सारखीच दिसतात, परंतु संगणक त्यांना भिन्न मानतो. म्हणून जुन्या मजकुरात शोध घेताना दोन्ही रूपांनी शोधणे आवश्यक ठरते.

४) नोटपॅड : पूर्वीच्या नोटपॅडमध्ये फाइल जतन करताना संकेतपद्धती न बदलल्यास मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे उमटत. २०१९ पासून यूटीएफ-८ ही पद्धती मूळ निवड झाली आहे. जुन्या संगणकावर काम करताना मात्र ती स्वतः निवडणे इष्ट होय.

मर्यादा आणि महत्त्व :

ही साधने जुने फाँटबद्ध मजकूर आपोआप रूपांतरित करीत नाहीत; त्यासाठी स्वतंत्र परिवर्तक लागतो व नंतर मुद्रितशोधनही करावे लागते. तरीही नव्या लेखनापुरता प्रश्न सुटला आहे. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. गावाचे वा खातेदाराचे नाव संगणकावर शोधता येणे, ही आता शेतकऱ्याची दैनंदिन गरज आहे. 'कासारसाई' हे नाव एखाद्या नोंदीत 'कासारसायी' असे टंकित झाले, तर नेमक्या अक्षरांचा शोध त्या नोंदीपर्यंत पोहोचणार नाही. अचूक मराठी टंकलेखन हे म्हणूनच केवळ भाषाप्रेमाचे नव्हे, तर हक्कांच्या नोंदींचेही साधन आहे.

निष्कर्ष :

संगणकावरील मराठीचा प्रवास विकत घेतलेल्या फाँटपासून अंगभूत सुविधेपर्यंत झाला आहे. साधने उपलब्ध आहेत. उणीव आहे ती सवयीची. महाविद्यालयांनी इतिवृत्ते, प्रश्नपत्रिका आणि संशोधन युनिकोडमध्येच करण्याचा दंडक घातल्यास, आजचे लेखन वीस वर्षांनंतरच्या विद्यार्थ्यालाही वाचता व शोधता येईल. मागील पिढीतील फाँटबद्ध लेखनाच्या वाट्याला हे भाग्य आले नाही.