मद्रासपट्टणमचा शनिवार-रविवार

होडीला एकही खिळा नाही हे तुमच्या लक्षात येतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. फळ्या काथ्याने शिवलेल्या. लाट आली की तळ पायाखाली वाकतो, गुडघ्यापर्यंत पाणी उडतं आणि वल्हेकरी आणखी जोरात गायला लागतात. घाबरू नका. खिळे ठोकलेली ताठ होडी या लाटांत वाळूवर आपटून फुटते. मसुला होडी वाकते म्हणून टिकते. इथे धक्का नाही, बंदर नाही, जहाजं लांब समुद्रात नांगर टाकून उभी. शेवटच्या लाटेवर चढून होडी पुळणीला लागते, दोन कोळी तुम्हाला उचलून कोरड्या वाळूत ठेवतात आणि हात पुढे करतात. खिशातल्या नोटांकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. होन काढा, नाहीतर फनम.

शनिवार, 2 ऑक्टोबर 1677. हे आपल्या कॅलेंडरने. समोरच्या किल्ल्यातले इंग्रज अजून जुनं कॅलेंडर धरून बसलेत, दहा दिवस मागे. त्यांच्या वहीत आज 22 सप्टेंबर आहे. ही तारीख ध्यानात ठेवा, तिच्याशी काम आहे.

चेन्नई तुम्हाला ठाऊक असेल तर आधी जरा भांबावायला होईल. मरीनाचा तो ऐसपैस वाळूचा पट्टा कुठे गेला? तो अजून तयारच झालेला नाही. दोनशे वर्षांनी बंदराच्या भिंती समुद्रात घालतील, मग त्यांच्या दक्षिणेला वाळू साचत जाईल. आज लाटा जवळजवळ किल्ल्याच्या पायाशी येतात. आणि जिथे हायकोर्टाचे लाल घुमट असायला हवेत, तिथे सेंट जॉर्ज किल्ल्याला खेटून गावठाण आहे: मातीच्या भिंती, कोष्टी, रंगारी, सोनार, दुबाष. इंग्रज त्याला ब्लॅक टाउन म्हणतात. स्वतः राहतात तो भाग अर्थातच व्हाइट टाउन.

आधी व्हाइट टाउन बघून घ्या, तासाभरात उरकतं. चार वर्षांपूर्वी जॉन फ्रायर नावाचा डॉक्टर इथे उतरला होता. (हाच पुढे जुन्नरला एका मुघल अधिकाऱ्याच्या घरी औषधोपचाराला गेला.) त्याच्या अंदाजाने इंग्रज तीनशे आणि पोर्तुगीज तीन हजार. म्हणजे गल्लीत कानावर पडते ती पोर्तुगीज. दक्षिणेला मैलापूरजवळ सांतोमे हे पोर्तुगिजांचं जुनं शहर. ते 1672 मध्ये फ्रेंचांनी घेतलं, 1674 मध्ये डच आणि गोवळकोंडेकरांनी मिळून फ्रेंचांना हुसकलं. या ओढाताणीत घरदार गेलेले कितीतरी जण इथे येऊन राहिलेत. त्यांच्यासाठी फादर एफ्राइम या फ्रेंच पाद्र्याचं देऊळ किल्ल्यातच आहे. इंग्रजांना मात्र स्वतःचं चर्च नाही, ते एका दालनात प्रार्थना उरकतात. सेंट मेरीज उभं राहायला 1680 उजाडेल.

रात्री गुत्त्यात गेलात तर जपून. अरक स्वस्त आहे आणि शिपाई तरुण आहेत. पुढच्या वर्षी स्ट्रेनशॅम मास्टर गव्हर्नर म्हणून येईल आणि एका बैठकीत किती अरक आणि किती वाइन प्यायची याचा नियम काढेल, दंडासकट. असा नियम कुठल्या गावात काढावा लागतो ते उघड आहे.

खरी मौज ब्लॅक टाउनमध्ये. रंगाऱ्याच्या ओसरीवर बसा. पांढऱ्या कापडावर तो बांबूच्या कलमाने काळी रेघ ओढतोय; कलमाच्या टोकाशी लोकरीची गुंडाळी, ती दाबली की रंग झिरपतो. वेल, पान, पुन्हा वेल. हात उचलत नाही. हे कापड लंडनच्या कुठल्यातरी पलंगावर जाणार. सगळा किल्ला, तोफा, गव्हर्नर, सगळं या रेघेच्या जिवावर. शेजारी दलाल बसलेला. तुम्ही सवयीने विचारून जाता, "शेवटचं किती द्यायचं, भाऊ?"

कलम थांबतं.

दलालाला शब्द कळले नसतील, पण सूर कळला. तो दखनीत विचारतो, "जिंजीसे आये?" मागची बाई पोराला आत ओढून घेते. आत्तापर्यंत तुम्ही पर्यटक होतात; आता गल्लीतले सगळे तुमच्या कमरेला काय लटकतंय ते बघतायत.

त्यांचंही बरोबर आहे. मे महिन्यात शिवाजी महाराजांनी जिंजी घेतली, ती इथून काही मुक्कामांवर. वेलूरला वेढा पडलाय. किल्ल्यातल्या इंग्रजांना तर महाराजांनी लुटलेलं राजापूर आठवतं आणि सुरत दोनदा आठवते. पन्हाळ्यावर तोफा डागायला गेलेल्या आपल्या माणसांचं पुढे काय झालं, तेही ते विसरलेले नाहीत. आणि त्यांची इथली सत्ता ती केवढी? समुद्रकाठची एक पट्टी, तीही गोवळकोंड्याला वर्षाला 1200 होन भरून वापरायची. गोवळकोंड्याच्या कुतुबशहानेच या मोहिमेसाठी महाराजांशी हातमिळवणी केलेली. घरमालक पाहुण्याच्या बाजूचा असेल तर भाडेकरूने कोणाकडे जायचं?

म्हणूनच मे महिन्यात महाराजांचं पत्र घेऊन एक ब्राह्मण आणि दोन माणसं आली, तेव्हा गव्हर्नर विल्यम लँगहॉर्न आणि त्याच्या कौन्सिलने तत्परता दाखवली. मागणी साधी होती: विषावरचे उतारे, जहरमोहरा, दर्याचा नारळ. किंमत देऊ, असंही पत्रात होतं. इंग्रजांनी वस्तू पाठवल्या, किंमत घेतली नाही. दर्याचा नारळ तेव्हा भलता महाग, कारण तो फक्त समुद्रावर तरंगत सापडे. झाड कोणी पाहिलेलंच नव्हतं. सेशेल्स बेटांवरचं ते झाड सापडायला 1768 उजाडलं. जूनमध्ये दुसरं पत्र आलं, तेव्हाही तसंच.

तिसरं पत्र 22 सप्टेंबरचं. म्हणजे तुम्ही ओसरीवर भाव करताय त्याच तारखेचं. यात औषधं नाहीत. यात इंजिनियर मागितलेत.

आता लँगहॉर्नच्या जागी बसून बघा. माणसं दिली तर मुघल बिथरणार, कुतुबशहाचाही भरवसा नाही, आणि मराठ्यांची ताकद वाढणार ती वेगळी. नाही म्हटलं तर राजापूर. कौन्सिलने गोड शब्दांत नकार कळवला. मला विचाराल तर मद्रासच्या इंग्रजांनी त्या वर्षात केलेलं हे सर्वांत हुशारीचं काम. महाराजांचंही अडलं नाही. वेलूर पुढच्या वर्षी इंग्रज इंजिनियरांशिवाय पडलं.

रविवारी सकाळी तुम्ही उत्तरेला कालिकांबाळच्या देवळाकडे निघता. आज तंबू चेट्टी स्ट्रीटवर बँका आणि हार्डवेअरच्या दुकानांमध्ये दबलेलं हेच ते देऊळ. आधी ते किल्ल्याच्या जागेजवळ होतं, इंग्रज आल्यावर इकडे हललं, असं सांगतात. देवळात चालत आलेली हकिगत अशी की 3 ऑक्टोबर 1677 ला शिवाजी महाराज इथे गुपचूप दर्शनाला येऊन गेले. इंग्रजांच्या दप्तरात पत्रं आहेत, ही भेट देवळाची. आणि ती तारीख आपल्या कॅलेंडरची की इंग्रजांच्या, हे सांगणाऱ्याने सांगितलेलं नाही. आपल्या कॅलेंडरची असेल तर तो दिवस आज. इंग्रजांची असेल तर तुम्ही दहा दिवस लवकर आलात.

तरी रांगेत उभे राहता. सोनार आहेत, फुलवाल्या आहेत, उपरणं डोक्यावरून घेतलेला एक उंच गृहस्थ आहे आणि लगेच दुसरा तसाच दिसतो. गुपचूप आलेल्या माणसाला ओळखायचं कसं? कवड्यांची माळ घालून तर तो येणार नाही. तुम्ही एकेकाच्या नाकाकडे निरखून बघायला लागता, तेव्हा पुजारी हटकतो आणि पुढे सरकायला सांगतो. मागून कोणीतरी धक्का देतं, देवीसमोर जेमतेम क्षणभर मिळतो, हातात कुंकू पडतं. बाहेर पायरीवर कालचा दलाल भेटतो. आज तो हसतो. कुंकू लावलेला माणूस बहुधा लुटायला आलेला नसावा, असा त्याचा हिशेब दिसतो. कापडाचा भाव त्याने रात्रीत दोन फनमांनी वाढवलेला आहे.