क्लस्टर कुणाच्या लक्षात आहे? सेफ उभारण्याच्या पद्धतींचा इतिहास

आजचा विषय सेफ. 'सुरक्षित' वाला सेफ नाही बरं का. सेफॅलोपॉड, म्हणजे ऑक्टोपसच्या कुळावरून आलेलं नाव. अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून एकच मोठं कोठार करणारी ही प्रणाली. सेज वाइल यांनी सांताक्रूझला पीएचडी करताना ती घडवली, २००६ साली तिचा शोधनिबंध आला.

पण हे कोठार उभारायचं कसं? सुरुवातीला एमकेसेफएफएस नावाची स्क्रिप्ट होती. २०१३ च्या सुमारास सेफ-डिप्लॉय आलं. एका मशीनवरून एसएसएचने बाकीच्या सर्व्हरवर कमांड सोडायच्या, की झालं! सोपं, झटपट. पण कुठली डिस्क का आणि कशी लावली, हे फक्त लावणाऱ्याच्या डोक्यात.

पहिल्या नोकरीत मला असाच एक क्लस्टर वारशात मिळाला. उभारणारे सर नोकरी सोडून गेलेले. क्लस्टर चालत होता, पण अपग्रेडला हात लावायची कुणाची टाप नव्हती. त्यात नॉटिलसनंतरच्या आवृत्त्यांवर सेफ-डिप्लॉयची चाचणीच होत नाही. म्हणजे अडकलोच की!

यावर एक उतारा होता सेफ-अँसिबल. त्यात सगळं फाइलमध्ये लिहून ठेवायचं, म्हणजे माणूस गेला तरी नोंद राहते. अट एकच: रात्री दोनला कुणी सर्व्हरवर हाताने काही बदललं, तर ते फाइलमध्येही लिहायला हवं. आणि रात्री दोनला कोण लिहितंय?

मार्च २०२० मध्ये ऑक्टोपस आवृत्तीसोबत सेफॲडम आलं. इथे सर्व्हरची यादी आणि कुठली सेवा कुठे चालवायची, हे क्लस्टर स्वतःजवळच ठेवतो. सेवा कंटेनरमध्ये चालतात, अपग्रेडही क्लस्टरच क्रमाने करतो. फुकट मात्र काहीच नसतं. कंटेनर कळायला हवेत, आणि मॅनेजर सेवा आजारी पडली की ही सगळी सोयही थांबते.

रूक हीच नोंद कुबरनेटिसकडे सोपवतं. तुमच्याकडे कुबरनेटिस आधीच नीट चालत असेल तर उत्तम. फक्त स्टोरेजसाठी ते आणणं म्हणजे एका दुखण्यावर दुसरं ओढवून घेणं.

म्हणून पद्धत निवडताना 'पहिल्या दिवशी किती वेळ लागेल?' एवढंच विचारू नका. तीन वर्षांनी, तुम्ही तिथे नसताना, अपग्रेड कोण आणि कशाच्या आधारावर करणार, तेही विचारा.

आमचं काय झालं? सेफॲडम काही जुने क्लस्टर डेटा न हलवता दत्तक घेऊ शकतं. आमचा घेतला. तुमचा क्लस्टर कुणाच्या लक्षात आहे, जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!