रस्त्यात भेटलेले पेशंट

बाबांनी संध्याकाळचं फिरायला जाणं बंद केलं तेव्हा आम्ही घरातल्यांनी त्याची तीन-चार कारणं शोधून काढली होती. थंडी, रस्त्यातले खड्डे, टीव्हीवरच्या मालिका. खरं कारण त्यांच्या उजव्या हातात होतं. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहायची, माळ ओढावी तशी. बाबा पक्के नास्तिक! कट्ट्यावरच्या मित्रांनी एकदा थट्टा केली, "काय हो, शेवटी जप सुरू केलात की काय?" दुसऱ्या दिवसापासून हात खिशात गेला आणि महिन्याभरात बाबा घरात.

हे सांगायचं कारण म्हणजे या आजाराचा आधुनिक इतिहास नेमका उलट, रस्त्यावरच सुरू होतो. लंडनमधल्या हॉक्स्टन भागात जेम्स पार्किन्सन नावाचा डॉक्टर होता. माणूस मोठा खटपट्या. 'ओल्ड ह्यूबर्ट' या टोपणनावाने सरकारवर झोड उठवणारी पत्रकं लिहायचा. राजाला मारण्याच्या एका कथित कटाच्या प्रकरणात १७९४ साली प्रिव्ही कौन्सिलसमोर त्याची जबानीही झाली होती. शिवाय जीवाश्म गोळा करायचा नाद. या गृहस्थाने १८१७ साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, कंपवातावर एक छोटा निबंध छापला. त्यात उणीपुरी सहा माणसं आहेत. त्यातली दोन त्याला रस्त्यात सहज भेटलेली आणि एक तर त्याने नुसती लांबून पाहिलेली. पुढे वाकून, पावलं भराभर टाकत, पडू की काय अशा बेताने चालणारी ही माणसं त्याच्या नजरेत भरली. त्याने थांबवून विचारपूस केली, आणि त्या विचारपुशीतून एक आजार जगाला कळला.

आजाराला त्याचं नाव मिळालं ते मात्र तो गेल्यावर पन्नासएक वर्षांनी. पॅरिसच्या शार्को या डॉक्टरने दिलं. शार्कोचं म्हणणं असं, की सगळ्यांनाच कंप नसतो आणि हा काही अर्धांगवायूही नव्हे, मग 'कंपवायू' कशाला म्हणायचं? रास्त मुद्दा आहे. आपल्याकडे अजूनही हात हलत नसेल तर लोक पार्किन्सन्स मानायला तयार नसतात.

औषधाच्या गोष्टीत भारत पहिल्यापासून आहे, हे मला फार उशिरा कळलं. मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ साली खाजकुइलीच्या बियांमधून लिव्होडोपा वेगळं काढलं होतं. हो, तीच ती अंगाला लागली की खाज सुटणारी खाजकुइली! त्याचा या आजाराशी संबंध तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता. तिकडे सर्पगंधेचं औषध रक्तदाबावर चालतं हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात मांडलं. सर्पगंधेतलं रेसर्पिन मग जगभर गेलं. स्वीडनच्या कार्लसनने १९५७ साली सशांना हे रेसर्पिन दिलं, तर ससे जागच्या जागी गोठले. मग डोपा टोचलं आणि ससे पुन्हा हालचाल करू लागले. पुढे व्हिएन्नात १९६० साली पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामीन कमी असतं हे सिद्ध झालं, आणि १९६७ साली अमेरिकेत कोटझियासने लिव्होडोपाचे मोठे डोस देऊन रुग्णांना चालतं केलं. (आमच्या शेजारच्या काकांनी हे कुठेतरी वाचून बाबांसाठी खाजकुइलीची पावडर आणली होती. आईने ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही म्हणून डब्यात ठेवली, ते बरंच झालं. आधीच गोळी चालू असताना वरून किती डोपा पोटात जाणार, कोणी सांगावं?)

पण गोळी मिळाली म्हणजे माणूस कट्ट्यावर परत गेला असं होत नाही. काही वर्षांनी गोळीचा असर मधेच उतरायला लागतो. सकाळी दहाला ठीक असलेला माणूस साडेअकराला खुर्चीतून उठू शकत नाही, आणि बघणाऱ्याला ते सोंग वाटतं. बाबा जिना सरसर चढायचे पण दाराच्या उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे उभे राहायचे. "जिना जमतो आणि दार जमत नाही होय?" हे मीच म्हटलेलं वाक्य आहे. जिन्याची प्रत्येक पायरी डोळ्यांना खूण देते, सपाट जमीन देत नाही, हे मला कोण सांगणार?

हे सांगणारी माणसं डॉक्टर असतातच असं नाही. इंग्लंडमध्ये मॅली जेन्किन्स या बाईंनी १९६९ साली पार्किन्सन्ससाठी संस्था काढली, ती बहिणीला हा आजार झाला म्हणून. म्हणजे लिव्होडोपाने चमत्कार केल्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती, आणि घरच्यांना कळून चुकलं होतं की औषधापलीकडे बरंच काही उरतं.

आपल्याकडे याला आणखी तीस वर्षं लागली. का लागली? एकत्र कुटुंबात म्हाताऱ्याचं आपोआप होतं हा समज, आणि 'वय झालं की हात हलायचेच' हा दुसरा. माझ्या मते तिसरंही कारण आहे, लाज. ज्याचा हात खिशात आहे त्याला शोधायचं कसं? मुंबईत मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. भीम सिंघल यांच्या पुढाकाराने २००१ साली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी सुरू झाली. दवाखान्यात पाच-दहा मिनिटं भेटणाऱ्या माणसांना व्यायाम, बोलण्याचा सराव, घरच्यांशी बोलणं, हे सगळं त्यांच्या वस्तीजवळच्या केंद्रात मिळावं अशी कल्पना. त्याच दशकात पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळाचं काम उभं राहिलं, तेही स्वतः पेशंट असलेल्या आणि त्यांच्या घरच्या माणसांच्या बळावर. सभा, सहली, घरी जाऊन भेटणं, ११ एप्रिलला म्हणजे पार्किन्सनच्या वाढदिवशी येणाऱ्या जागतिक पार्किन्सन्स दिनाचा मेळावा. नर्तक हृषीकेश पवार यांनी इथल्या लोकांना नृत्य शिकवायला घेतलं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ मध्ये असाच वर्ग सुरू केला होता. जिन्याच्या पायऱ्या डोळ्यांना जे देतात ते ताल कानांना देतो.

या मंडळींच्या तोंडी दोन शब्द असतात. आजारी माणूस तो 'शुभार्थी' आणि त्याला सांभाळणारा 'शुभंकर'. आधी मला हे जरा गोडगोड वाटले होते, खोटं कशाला बोलू? पण आई एकदा म्हणाली, "मला आजवर कोणी काहीच म्हणत नव्हतं रे. त्यांना पेशंट म्हणायचे. मी नुसती बरोबर आलेली." मग मी गप्प बसलो.

बाबांना अशाच एका सभेला नेलं ते आईनेच. मी गाडी चालवायला म्हणून गेलो होतो. चहा आला तो सगळ्यांना अर्धा कप. कोणी काही विचारलं नाही, कोणी सांडलाही नाही. हॉलच्या दारात एक आजोबा अडकून उभे राहिले, तर मागची रांग शांतपणे थांबली आणि एका बाईंनी आपलं पाऊल त्यांच्यापुढे आडवं ठेवलं. "माझ्या पायावरून पाय टाका, काका." ते टाकून आत आले.

मग बोलताबोलता कोणीतरी म्हणालं, की या आजारात चेहऱ्याचे स्नायूही आखडतात, आतून कितीही आनंद झाला तरी हसू बाहेर येत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या मुलीला पहिल्यांदा बाबांच्या मांडीवर ठेवलं होतं तेव्हा त्यांचा चेहरा दगडासारखा होता. मुलगी झाली म्हणून असेल, असं मी मनात धरलं होतं. दोन वर्षं धरून होतो. बायकोलाही बोललो नव्हतो.

परत येताना गाडीत मी ते बाबांना सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांच्या त्या बारीक झालेल्या आवाजात म्हणाले, "तिचं वजन किती होतं ते आठवतंय मला. अडीच किलो."

पुढच्या आठवड्यात ते कट्ट्यावर गेले. हात बाहेर होता. त्यानंतर सहा वर्षं जगले, शेवटची दोन अंथरुणातच. आई अजून त्या सभांना जाते.