पुण्याची कोंबडी आणि ब्लॅकबर्नचा गुलाब

७ मे २०१२, सोमवार. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न गावात, ईवुड पार्क स्टेडियमवर धो धो पावसात मॅच चालू होती. ब्लॅकबर्न रोव्हर्स विरुद्ध विगन. हरलं की प्रीमियर लीगमधून बाहेर, इतका साधा हिशोब. आणि तेवढ्यात मैदानात कोंबडी शिरली. खरीखुरी, जिवंत, अंगावर रोव्हर्सच्या रंगाचं फडकं गुंडाळलेली! रोव्हर्स १-० हरले आणि अकरा वर्षांनी खालच्या लीगमध्ये गेले.

आता कोंबडीच का? तर मंडळी, त्या क्लबचे मालक आपल्या पुण्याचे. वेंकीज. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये हैदराबादला सुरू केलेला आणि पुढे पुण्यात स्थिरावलेला वेंकटेश्वरा हॅचरीज समूह. राव यांची कन्या अनुराधा देसाई आणि त्यांचे दोन भाऊ, वेंकटेश आणि बालाजी राव, यांनी नोव्हेंबर २०१० मध्ये २.३ कोटी पाउंड देऊन हा क्लब विकत घेतला. वर क्लबची कर्जंही अंगावर घेतली. प्रीमियर लीगचा क्लब विकत घेणारी ही पहिली भारतीय कंपनी. आपल्याकडे तेव्हा अभिमानाच्या बातम्या झळकल्या होत्या. तिकडे काय झालं, हे मात्र आपल्यापैकी फार कमी जणांना माहीत आहे.

त्यासाठी थोडं मागे जाऊ.

ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधलं लाख-सव्वा लाख वस्तीचं गाव. ओळख एकच, कापड. आणि त्या कापडाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण? आपण! ब्लॅकबर्नच्या मागांवर खास हिंदुस्थानसाठी धोतरं विणली जायची. पुण्यात १९०५ साली विदेशी कपड्यांची होळी पेटली ती याच लँकेशायरी कापडाच्या विरोधात. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी मुद्दाम ब्लॅकबर्नला लागून असलेल्या डार्वेनला जाऊन राहिले. तिथल्या गिरणी कामगार बायकांच्या घोळक्यात उभे असलेल्या गांधीजींचा फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या. जाता जाता शेवटच्या गिरण्यांनी भरूच-सुरतकडच्या आणि पाकिस्तानातल्या लोकांना कामाला बोलावलं, त्यांची नातवंडं आजही तिथे आहेत. गिरण्या मात्र नाहीत.

उरला काय? तर फुटबॉल क्लब. १८७५ चा. १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संस्थापक क्लबांपैकी एक. एफए कप सहा वेळा जिंकलेला. गंमत म्हणजे गावातला पहिला कप रोव्हर्सने नाही, ब्लॅकबर्न ऑलिंपिक नावाच्या कामगारांच्या टीमने आणला, १८८३ मध्ये, ईटनच्या माजी विद्यार्थ्यांना, म्हणजे थेट साहेबांच्या पोरांना हरवून. ऑलिंपिक पैशांअभावी १८८९ मध्ये बंद पडली. रोव्हर्स टिकली. म्हणजे पैशाशिवाय क्लब चालत नाही हा धडा या गावाला पहिल्यापासून पाठ आहे. हे लक्षात ठेवा, कारण ‘पूर्वी फुटबॉल किती निर्मळ होता’ असं रडगाणं मला गायचं नाहीये.

कारण या गावाचा सगळ्यात लाडका माणूस शुद्ध पैसेवालाच होता. जॅक वॉकर. वडिलांचा पत्र्याचा धंदा भावाबरोबर वाढवत नेला आणि १९८९ मध्ये ब्रिटिश स्टीलला ३३ कोटी पाउंडांना विकला. मग लहानपणापासूनचा आपला क्लब ताब्यात घेतला. केनी डाल्ग्लिशला मॅनेजर आणलं, १९९२ मध्ये तेव्हाचं ब्रिटिश रेकॉर्ड मोडून ॲलन शिअररला आणलं, स्टेडियम जवळजवळ नव्याने बांधलं. आणि १९९५ मध्ये हे पिटुकलं गाव चक्क प्रीमियर लीग जिंकलं. शेवटच्या दिवशी रोव्हर्स लिव्हरपूलला हरले, पण तिकडे वेस्ट हॅमने मँचेस्टर युनायटेडला बरोबरीत रोखलं आणि कप ब्लॅकबर्नला! बाकीचे म्हणाले, कप विकत घेतला. गाव म्हणालं, घेतला तर घेतला, आमच्या जॅकने घेतला.

‘आमच्या’ हा शब्द इथे महत्त्वाचा. वॉकर राहायचा जर्सी बेटावर, टॅक्स वाचवायला. म्हणजे मालक गावातच राहायला हवा असंही लोकांचं म्हणणं नव्हतं. पण क्लब हरला की त्याला दुखायचं, हे सगळ्यांना माहीत होतं. २००० मध्ये तो गेला. त्याच्या ट्रस्टने काही वर्षं क्लब सांभाळला आणि मग गिऱ्हाईक शोधलं.

आणि आले वेंकीज. महिन्याभरात, १३ डिसेंबर २०१० ला, मॅनेजर सॅम ॲलरडाइसला नारळ. टीम तेराव्या नंबरवर होती, म्हणजे ब्लॅकबर्नच्या मानाने बरं चाललं होतं. जागी आला स्टीव्ह कीन, ज्याने आधी कुठल्याच टीमचा मुख्य मॅनेजर म्हणून काम केलं नव्हतं. रोनाल्डिन्होला आणण्याच्या गप्पा झाल्या. फेब्रुवारी २०११ मध्ये क्लब वर्षानुवर्षं सांभाळणारे चेअरमन जॉन विल्यम्स बाहेर पडले. ऑक्टोबर २०११ मध्ये टीमला बालेवाडीत आणून पुणे एफसीबरोबर फ्रेंडली खेळवली. त्याच सुमारास एक जाहिरात आली: रोव्हर्सचे खेळाडू मॅचच्या आधी ड्रेसिंग रूममध्ये बसून चिकन हादडतायत! आपल्याला हसू येतं. पण तिकडे टीम तळाशी चालली होती आणि दर आठवड्याला स्टँडमधून कीनविरुद्ध घोषणा चालू होत्या. अशा वेळी ती जाहिरात पाहणाऱ्याच्या डोक्यात काय गेलं असेल? ‘यांच्यासाठी आमचा क्लब म्हणजे तंगडीचं पॅकिंग.’ ती मैदानातली कोंबडी इथून आली.

पुढची पडझड भराभर सांगतो. २०१२-१३ च्या एका सीझनमध्ये तीन मॅनेजर गेले. त्यातला हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकला आणि क्लबला कोर्टात खेचून त्याने भरपाई वसूल केली. २०१७ मध्ये रोव्हर्स तिसऱ्या लीगमध्ये गेले. प्रीमियर लीग जिंकून नंतर इतकं खाली गेलेला हा पहिला क्लब. वर्षभरात ते पुन्हा वर आले, पण दुसऱ्या लीगपर्यंतच. स्टेडियममधली गर्दी टेकओव्हरच्या वेळच्या जवळपास निम्म्यावर आली होती.

आता खरा प्रश्न. कॉर्पोरेट मालक आले की फॅनची ओळख पुसते म्हणतात, ती नेमकी कशी? ऑस्ट्रियात रेड बुलने २००५ मध्ये साल्झबर्गचा क्लब घेतला, नाव आणि जांभळा रंग बदलला. लोकांनी वेगळा क्लब काढून तळापासून सुरुवात केली. कार्डिफच्या मालकाने २०१२ मध्ये निळा शर्ट लाल केला, २०१५ मध्ये परत निळा करावा लागला. विम्बल्डनचा क्लब तर उचलून मिल्टन कीन्सला नेला. ही प्रकरणं समजायला सोपी आहेत, चोरी डोळ्यांना दिसते.

वेंकीजने यातलं काहीही केलं नाही! नाव तेच, निळा-पांढरा अर्धा-अर्धा शर्ट तोच, छातीवरचा लँकेशायरचा गुलाब तोच, ईवुड पार्क तेच. उलट इतक्या वर्षांत वीस कोटी पाउंडांहून जास्त पैसे ओतले. त्यांचे पैसे नसते तर क्लब बंदही पडला असता, हे त्यांचे टीकाकारही मान्य करतात. मग गेलं काय?

माझ्या मते गेला तो पत्ता. तक्रार कुठे करायची तो पत्ता. जॅक वॉकरवर चिडता यायचं, कारण तो स्टँडमध्ये दिसायचा. वेंकीजचं स्टेडियमवर येणं हळूहळू जवळपास थांबलं. निर्णय पुण्यातून, परिणाम ब्लॅकबर्नमध्ये. २०१६ मध्ये फॅन्सनी एका मॅचला विलक्षण निषेध केला: १८ व्या मिनिटाला आत यायचं, ७५ व्या मिनिटाला उठून जायचं. १८-७५, क्लबचा जन्म. ‘तुम्ही २०१० ला आलात, आम्ही केव्हापासून आहोत ते बघा’, असं रिकाम्या खुर्च्यांमधून सांगणं. ऐकायला समोर कोणीही नसताना!

आपल्या आयटीत टेकओव्हर ही काय नवी गोष्ट नाही. सोमवारी मेल येतो, मंगळवारी गळ्यातल्या पट्ट्याचा रंग बदलतो, आणि नाही पटलं तर आपण पेपर टाकून वीस-तीस टक्के वाढवून दुसरीकडे जातो :-) फॅनला हा मार्गच नाही. त्याला नोटीस पीरियड नाही आणि दुसरीकडून ऑफरही नाही. ब्लॅकबर्नचा माणूस बर्नलीचा फॅन होणं म्हणजे… सोडा, ती उपमाच नको. गिऱ्हाईक सोडून जाऊ शकतं म्हणून धंद्यात मालक ताळ्यावर राहतो. फॅन सोडून जाऊ शकत नाही, म्हणून त्याला गिऱ्हाईक समजणं ही मुळातलीच चूक आहे.

जर्मनीत यावर जुना उपाय आहे: मतांचा अर्ध्याहून जास्त हिस्सा, काही अपवाद सोडता, सभासदांकडेच राहतो. इंग्लंडने २०२५ मध्ये कायदा करून फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमला. बोधचिन्ह किंवा शर्टाचा रंग बदलण्याआधी आता फॅन्सना विचारावं लागेल. चांगलंच आहे. पण ब्लॅकबर्नमध्ये गुलाब आणि रंग तर कधी गेलेच नव्हते. लांबच्या मालकाला ‘आमचा’ वाटायला लावणारा कायदा अजून कुणी केलेला नाही.

असो. पुण्यातून कधी ईवुड पार्कला जायचा योग आला, तर बाहेर जॅक वॉकरचा पुतळा आहे, तो बघा. फक्त कुठून आलात असं कोणी विचारलं, तर मुंबई सांगा.