न्यायाधीशाच्या गळ्यांत पडलेला खटला

न्यायाधीशाचा निकाल चुकला तर नुकसान कोणीं भरावें? आपण वरच्या न्यायालयाची वाट धरतों. सद्भावनेनें काम करणाऱ्या न्यायाधीशाला तर आपल्याकडे १८५० च्या कायद्याचेंच संरक्षण आहे. प्राचीन रोमांत प्रकार निराळा होता.

इ. स. पूर्व ४५० च्या सुमारास झालेल्या बारा फलकांच्या कायद्यांत लांचखाऊ न्यायाधीशाला देहान्ताची शिक्षा होती. पण लांचखाऊंचें राहूं द्या. मला नवल वाटतें तें प्रामाणिक माणसाच्या दैवाचें. रोमचा 'यूडेक्स' पगारी अंमलदार नव्हे. प्रेटर नांवाचा अधिकारी दाव्याचा मसुदा ठरवून देई आणि निकालाचें काम एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थावर सोंपवी. त्याला कायदा येत असेच असें नाहीं. मसुद्यांत दहा हजारांची रक्कम असतां त्यानें कमी-अधिक रकमेचा हुकूम केला, कीं खटला त्यानें 'आपलाच करून घेतला' असें मानीत, आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येई! हें सांगणारा दुसऱ्या शतकांतील गायसाचा ग्रंथ १८१६ सालीं व्हेरोना येथें, वर दुसराच मजकूर लिहिलेल्या चर्मपत्रांत सांपडला. गायसाच्या मतें निव्वळ अज्ञानानें झालेली चूकहि दायित्वास पुरेशी. उल्पियनाच्या नांवावरील वचनांत मात्र पक्षपात, वैर किंवा लांच असा दुष्ट हेतु लागतो.

गुणांच्या बेरजेंतील चूक मास्तरांच्या पगारांतून कापली असती, तर मीं हा पेशा पत्करला नसता. तथापि पक्षकाराची बाजू पाहा. प्रजासत्ताकाच्या काळीं असल्या निकालावर अपिलाची नियमित सोय नव्हती. बुडालेल्यानें जावें कोठें?

१९८१ सालीं स्पेनमध्यें सेव्हिल प्रांतांत इर्नी या नगराच्या कायद्याचे ब्राँझचे पत्रे सांपडले. त्यांवरून मुदतींत निकाल न देणाऱ्यावरहि दाव्याचें नुकसान पडे, असें दिसतें. म्हणजे गप्प बसूनहि सुटका नाहीं!

एक वाट मात्र होती. औलुस जेलियस तरुणपणीं यूडेक्स असतां त्याच्यापुढें पैशाचा दावा आला. वादी सज्जन, पण जवळ ना कागद ना साक्षीदार. प्रतिवादी नांवाचा लबाड. मित्र म्हणाले, पुरावा नाहीं, दावा काढून टाक. तत्त्वज्ञ फाव्होरिनस म्हणाला, सज्जनावर विश्वास ठेव. जेलियसाला दोन्ही पटेना. अखेर 'मला उलगडा होत नाहीं' अशी शपथ घेऊन तो मोकळा झाला. त्या वादीचे पैसे पुढें मिळाले कीं नाहीं, हें त्यानें लिहून ठेवलेलें नाहीं.