तारांची अदलाबदल

घरगुती संगणक बनवणाऱ्यांनी सुरुवातीला त्याच्या पाठीमागे एक पोर्ट मोडेमसाठी दिले आणि दुसरे प्रिंटरसाठी. शेजारच्या टेबलावर तसाच आणखी एक संगणक असेल आणि दोघांना थेट जोडावे लागेल, हे त्यांच्या हिशेबात नव्हते. मोठी फाइल हलवायची तर फ्लॉपी हाच मार्ग, आणि साडेतीन इंची फ्लॉपीत मावायचे जेमतेम १.४४ एमबी. शंभर एमबीसाठी सत्तर फ्लॉप्या लागत. त्यातली एक जरी खराब निघाली तरी सगळे मुसळ केरात.

यातून वाट निघाली ती दोन तारांच्या अदलाबदलीने.

टर्मिनल आणि मोडेम यांच्यातल्या जोडणीसाठी अमेरिकेत १९६० मध्ये ‘आरएस-२३२’ हे मानक ठरले. त्यात पाठवण्याची तार वेगळी, घेण्याची वेगळी. दोन संगणक सरळ केबलने जोडले, तर दोघेही एकाच तारेवर बोलणार आणि ऐकणार कुणीच नाही. म्हणून केबलमध्येच दोन आणि तीन क्रमांकाच्या पिनांच्या तारा उलट जोडायच्या. मधला मोडेम असा गायब झाला, आणि केबलचे नाव पडले ‘नल मोडेम’.

तार जुळली तरी मजकूर वाटेत बिघडू शकतो. शिकागोच्या वॉर्ड ख्रिस्टेन्सन यांनी १९७७ मध्ये ‘एक्समोडेम’ लिहून त्यावर तोड काढली. फाइलचे १२८ बाइटचे तुकडे करायचे, प्रत्येकासोबत पडताळणीची बेरीज पाठवायची आणि ती जुळली नाही तर तोच तुकडा पुन्हा मागवायचा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थ्यांना मोठ्या संगणकावर जागा अपुरी पडत होती. त्यांच्या फाइली फ्लॉपीवर उतरवता याव्यात, म्हणून १९८१ मध्ये फ्रँक डा क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांनी ‘कर्मिट’ तयार केले.

तरी वेगाची रड होतीच. पीसीचे सिरियल पोर्ट सेकंदाला फार तर १,१५,२०० बिट पाठवी. या हिशेबाने शंभर एमबीला अडीच तास लागत. प्रिंटरच्या पोर्टातून एका वेळी आठ बिट बाहेर पडत, पण आत येणाऱ्या तारा पाचच. ‘कागद संपला’, ‘प्रिंटर व्यग्र आहे’ असे निरोप देण्यापुरत्याच त्या होत्या. ‘लॅपलिंक’सारख्या प्रोग्रामांनी याच तारांवरून चार-चार बिट आत घेतले आणि कित्येक पट वेग मिळवला. १९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘इंटरलिंक’ दिले, तेव्हा पलीकडच्या संगणकाची डिस्क आपल्याच संगणकावरचा आणखी एक ड्राइव्ह म्हणून दिसू लागली.

पुढे घरात इथरनेट आले. झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी १९७३ मध्ये सुरू केलेले हे तंत्र १९९० पर्यंत टेलिफोनसारख्या पिळाच्या तारांवर चालू लागले होते. इथेही अडचण जुनीच: पाठवण्याची जोडी एक-दोन, घेण्याची तीन-सहा. मध्ये हब असेल तर ही अदलाबदल तो करी. हबचा खर्च वाचवायचा तर क्रॉस केबल बनवावी लागे: एका टोकाला नारिंगी जोडी आधी, दुसऱ्या टोकाला हिरवी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर केबल, आरजे-४५ कनेक्टर आणि क्रिंपिंगची पक्कड, सगळे मिळे. शंभर एमबीचे काम आता दोनेक मिनिटांवर आले.

ही कटकट कायमची मिटवली ती एचपीच्या डॅनियल डव्ह आणि ब्रूस मेल्विन या अभियंत्यांनी. त्यांच्या पद्धतीत पोर्ट स्वतःच जोड्या बदलून पाहते. पण दोन्ही टोके एकाच क्षणी बदलत राहिली, तर सूर कधीच जुळायचा नाही. म्हणून बदलायचे की नाही, हे प्रत्येक टोक यादृच्छिक पद्धतीने ठरवते. थोड्याच वेळात एक बदलते, दुसरे थांबते आणि जोडणी होते.

यूएसबीने हाच प्रश्न नव्या रूपात उभा केला. १९९६ च्या त्या मानकात एक यजमान आणि बाकीची उपकरणे त्याच्या हुकमतीत, अशी रचना होती. संगणक दोन्ही टोकांना यजमानच, त्यामुळे तारा उलटवून भागेना. मध्ये चिप बसवलेली खास केबल घ्यावी लागे. २०१९ च्या यूएसबी-४ मानकात मात्र दोन संगणकांच्या थेट जोडणीची तरतूद झाली. वापरणारे कितीतरी वर्षे तारा उलटवून जे साधत आले होते, ते यूएसबीच्या मानकात लिहिले गेले.